तैवानमध्ये पाच रात्री: मुक्काम एकच ठेवा, दिवस मोकळे ठेवा

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय, की दिवाळीच्या सुट्टीत पाच रात्रींसाठी तैवानला जायचं आहे. स्वतः, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सगळे शाकाहारी. शहरही बघायचं आहे आणि डोंगरही. त्यांनी केलेली यादी अशी आहे: तैपेई, तारोको घळ, सन मून लेक, अलीशान आणि जिउफेन. चार हॉटेलं, रोज एक ठिकाण. प्रश्न एवढाच, की हे जमेल का.

ताई, गाड्यांचं वेळापत्रक पाहिलं तर ओढूनताणून जमेल. तैवानमधल्या गाड्या वेळेवर धावतात, रस्ते चांगले आहेत. पण मी गेली चौदा वर्षं लहान कुटुंबांच्या सहली आखून देते, तैवानला स्वतः सात वेळा जाऊन आले आहे आणि हा आराखडा मी तुम्हाला देणार नाही. तुमचा खरा प्रश्न किती ठिकाणं बसतील हा नाहीच. तुमच्याकडे प्रवासाचे दोन अर्धे दिवस सोडले तर पूर्ण असे चारच दिवस आहेत. त्यातला कुठला दिवस डोंगराला आणि कुठला शहराला द्यायचा, आणि हे कधी ठरवायचं, हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर: मुक्काम तैपेईत एकाच ठिकाणी करा आणि कुठल्या दिवशी कुठे जायचं ते आदल्या रात्री ठरवा, सकाळी आकाश बघून पक्कं करा. असं का, ते सविस्तर सांगते.

आधी बेटाचा स्वभाव समजून घ्या. तैपेई साधारण वाराणसीच्या अक्षांशावर आहे आणि कर्कवृत्त बेटाच्या मधून जातं. म्हणून लोक नकाशा पाहून ऊन आणि दमटपणा गृहीत धरतात. पण हे बेट म्हणजे समुद्रातून उभा राहिलेला डोंगरच आहे. तीन हजार मीटरच्या वरची दोनशेहून जास्त शिखरं इथे आहेत आणि सगळ्यात उंच युशान 3,952 मीटर आहे. तुम्ही नाशिकच्या, कळसूबाई तुमच्या ओळखीचं असेल. ते 1,646 मीटर. त्याच्या दुपटीहून उंच डोंगररांग आपल्या सह्याद्रीसारखी उत्तर-दक्षिण पसरली आहे, आणि बेटाची एकूण लांबी जेमतेम चारशे किलोमीटर.

डोंगराच्या कुठल्या बाजूला आपण आहोत यावर पाऊस ठरतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. इगतपुरीला धो-धो कोसळत असतो आणि नाशिक येईपर्यंत रस्ता कोरडा. तैवानमध्येही हेच होतं, फक्त दिशा आणि महिने वेगळे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तिथे ईशान्येकडून वारा येतो आणि उत्तर-पूर्वेच्या कोपऱ्यावर ओलावा टाकतो. कीलुंग बंदराला तिथले लोक पावसाचं बंदर म्हणतात. जिउफेन त्याच्याच जवळ, डोंगराच्या उतारावर आहे. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये जिउफेनला तीन दिवस भुरभुर चालू आणि त्याच वेळी बेटाच्या पश्चिम बाजूच्या ताइचुंग शहरात स्वच्छ ऊन, हे नेहमीचं चित्र आहे. तैपेई या दोन्हींच्या मध्ये. कधी इकडचं हवामान, कधी तिकडचं.

आता बघा. तुम्ही चार हॉटेलांचे पैसे भरून बसलात, मंगळवारी जिउफेन आणि बुधवारी सन मून लेक असं बांधून घेतलंत, की मंगळवारच्या पावसाला काही इलाज उरत नाही. तैपेईत राहून सकाळी खिडकीतून बघून निर्णय घेतलात, तर त्याच मंगळवारी तुम्ही हाय स्पीड रेल्वेने तासाभरात ताइचुंगच्या उन्हात असाल आणि जिउफेनला गुरुवारी जाल. तीच ठिकाणं, तेवढाच खर्च, पण दिवस सत्कारणी लागतो.

दुसरं कारण बॅगांचं. 2016 मध्ये मी एका कुटुंबाला सात रात्रींत पाच हॉटेलं दिली होती. कागदावर तो आराखडा फार देखणा होता. परत आल्यावर त्यांच्या आजी मला म्हणाल्या, “छान झालं गं सगळं, पण मला आठवतंय ते बॅगेची चेन लावणं.” हॉटेल बदलायचं म्हणजे सकाळी दोन तास आवरण्यात, दुपारी दोन तास नवी खोली मिळेपर्यंत ताटकळण्यात जातात, शिवाय स्नानगृहात काय कुठे आहे ते पुन्हा शिका. ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर याची दुप्पट दमणूक. तेव्हापासून सहा रात्रींपेक्षा लहान सहलीत मी दुसरं हॉटेल घालत नाही. दुसरी जागा अगदीच दूर असेल तरच अपवाद.

आता तुमच्या यादीकडे येते.

तारोको काढून टाका. मनाला लागेल, मलाही ती घळ फार आवडते. लीवू नदीने संगमरवरातून कोरलेल्या त्या कड्यांखाली उभं राहिलं की बोलणं आपोआप थांबतं. पण 3 एप्रिल 2024 ला हुआल्येनजवळ 7.2 रिश्टरचा भूकंप झाला आणि घळीत प्रचंड दरडी कोसळल्या. पायवाटा, रस्ते यांचं मोठं नुकसान झालं, आणि पूर्ववत व्हायला काही वर्षं लागतील असं तिथल्या यंत्रणांनी सांगितलंय. तुम्ही रीलमध्ये पाहिलेले बहुतेक व्हिडिओ त्याआधीचे असणार. उद्यानाच्या संकेतस्थळावर काय उघडं आणि काय बंद ते मिळतं, ते जरूर पाहा. पण पाच रात्रींच्या सहलीत, जाऊन-येऊन पाच तास रेल्वेत घालवून, अर्धवट उघड्या जागेसाठी एक अख्खा दिवस देऊ नका.

अलीशानही या वेळी नको. तिथली जंगल रेल्वे 1912 मध्ये लाकूड वाहण्यासाठी सुरू झाली आणि समुद्रसपाटीजवळच्या च्याईपासून दोन हजार मीटरच्या वर चढते. वादळांनी आणि दरडींनी तुटलेला तो संपूर्ण मार्ग जुलै 2024 मध्ये पुन्हा सुरू झाला. त्या गाडीतून जावं, पहाटे थंडीत सूर्योदय बघावा, दुसऱ्या दिवशी देवदारासारख्या उंच झाडांमध्ये सावकाश फिरावं, अशी ती जागा आहे. तैपेईहून एका दिवसात केलंत तर चार तास जाणं, चार तास येणं. सूर्योदय तर नाहीच, कारण तो पहाटेचा. अलीशानला दोन रात्री लागतात. पुढच्या वेळेसाठी ठेवा.

सन मून लेक एका दिवसात होतो, पण दिवस लांब होतो: रेल्वेने ताइचुंग, तिथून बसने सुमारे दीड-पावणेदोन तास. सकाळी सातला निघालात तर सरोवरावर दुपारी नौकेने फिरून रात्रीपर्यंत परत. सासूबाईंना बसचा प्रवास सोसतो का, यावर हे ठरेल. सोसत नसेल तर ताइचुंग शहरातच थांबा. तिथलं निसर्गविज्ञान संग्रहालय आणि त्याला लागून असलेलं वनस्पती उद्यान तुमच्या मुलीच्या वयाला अगदी योग्य आहे.

मग निसर्ग राहिला कुठे? तैपेईच्या अंगणात. लोकांना याचा अंदाजच नसतो. मेट्रोची लाल रेषा नकाशावर बघा. एका टोकाकडे श्यांगशान, म्हणजे हत्ती डोंगर. तिथे वीस-पंचवीस मिनिटं पायऱ्या चढलं की 508 मीटर उंच तैपेई 101 समोर दिसतो. मध्ये जुनं शहर आणि मुख्य स्टेशन. पुढे ज्येनतान, जिथून यांगमिंगशानच्या डोंगराला बस जाते. पुढे बेइतोउ, गरम पाण्याचे झरे. शेवटी तामसुई, नदी समुद्राला मिळते ते गाव. शहर आणि निसर्ग दोन्ही एकाच रेषेवर ओवलेले आहेत. म्हणून मी कुटुंबांना लाल रेषेवर झोंगशान किंवा श्वांगल्येन स्टेशनजवळ राहायला सांगते. मुख्य स्टेशनच्या अगदी वर राहणं सोयीचं वाटतं, पण ते स्टेशन जमिनीखाली इतकं पसरलंय की पहिल्या रात्री बाहेर पडायचं दार सापडेपर्यंत माणूस दमतो. श्वांगल्येनला उतरलात तर बाहेरच सकाळचा भाजीबाजार भरतो आणि निंगश्या रात्रबाजार चालत जाण्याइतका जवळ आहे.

यांगमिंगशानबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुमच्या चार दिवसांतला सगळ्यात चांगला दिवस तिथे जाईल असं मला वाटतं. हे राष्ट्रीय उद्यान 1985 मध्ये झालं, आणि तैपेईच्या हद्दीत असलेला हा ज्वालामुखीचा डोंगर आहे. सगळ्यात उंच शिखर छीशिंग, 1,120 मीटर. श्याओयोकंग नावाच्या जागी बस थांबते आणि दार उघडताच गंधकाचा वास येतो. दिवाळीच्या फटाक्यांनंतर अंगणात येतो ना, तसाच. समोर डोंगराची अख्खी बाजू खरवडून निघाल्यासारखी आहे आणि फटींतून वाफ बाहेर पडते. आवाज प्रेशर कुकरची शिटी व्हायच्या आधी येतो तसा, फक्त न थांबणारा. फटींच्या कडांना पिवळे स्फटिक साठलेले दिसतात, हळदीच्या रंगाचे. आपल्या दख्खनचा बराचसा दगड ज्वालामुखीचा आहे हे पुस्तकात वाचलेल्या मुलीला तिथे ते कळतं. मी माझ्या भाचीला नेलं होतं. ती कठड्याला हात लावून म्हणाली, “हे अजून गरम आहे?” पुढची पंधरा मिनिटं ती तिथून हलली नाही.

सासूबाईंना श्याओयोकंगला डोंगर चढावा लागत नाही, वाफ बस थांब्याजवळूनच दिसते. तुमच्यातल्या दोघांना चढायचं असेल तर तिथून शिखरापर्यंत 1.6 किलोमीटरची दगडी पायऱ्यांची वाट आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण वाट अवघड नाही. बाकीच्यांनी बसने लंगश्वेइकंगला किंवा छिंगत्येनगांगच्या गवताळ माळावर जावं. तिथे म्हशी मोकळ्या चरत असतात. त्यांच्या जवळ जाऊन फोटो काढू नका, त्या पाळीव गोठ्यातल्या नाहीत. नोव्हेंबरमध्ये डोंगरभर तुऱ्यांचं उंच गवत रुपेरी झालेलं असतं आणि वाऱ्यावर ते एका बाजूला झुकतं, तेव्हा छान दिसतं. लंगश्वेइकंगला गरम पाण्यात पाय बुडवून बसता येतं. माझ्या सोबत आलेल्या बहुतेक ज्येष्ठांना शिखरापेक्षा तेच लक्षात राहिलंय.

पण हे सगळं उघडीप असेल तरच. ढग उतरले की यांगमिंगशानवर दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. म्हणून एक सवय लावून घ्या. आदल्या रात्री तैवानच्या हवामान खात्याचं ॲप बघायचं, ते इंग्रजीतही आहे. सकाळी सातला यांगमिंगशान उद्यानाचे थेट कॅमेरे फोनवर बघायचे. श्याओयोकंगला वाफ स्पष्ट दिसतेय की नुसतं पांढरं आहे, हे घरबसल्या कळतं. पांढरं असेल तर नाश्ता निवांत करा आणि दुसरं पान खेळा.

हातात ही पानं ठेवा. आकाश स्वच्छ असेल तर यांगमिंगशान. ढगाळ पण कोरडं असेल तर जिउफेन. उत्तरेला सगळीकडे पाऊस असेल तर रेल्वेने दक्षिणेकडे, ताइचुंग किंवा सन मून लेक. सगळीकडेच पाऊस असेल तर शहर: राजवाडा संग्रहालय, लोंगशान मंदिर, आणि संध्याकाळी बेइतोउचे झरे, कारण पावसात गरम पाण्यात बसण्यासारखं सुख नाही. चारही पानं खेळून होतील. क्रम तेवढा हवामानावर सोडा. एवढं मात्र ध्यानात ठेवा, की राजवाडा संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि जिउफेनला शनिवार-रविवारी गर्दी उसळते. तेवढ्या दोन गाठी पक्क्या.

बेइतोउला शिनबेइतोउ स्टेशनपर्यंत मेट्रो जाते. तिथे उकळत्या हिरवट पाण्याचं कुंड आहे, त्यात उतरता येत नाही, फक्त कठड्यावरून बघायचं. वाटेत लाकडी सार्वजनिक वाचनालय आहे आणि 1913 चं जुनं स्नानगृह आता संग्रहालय झालंय. आंघोळीबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तिथे अवघडायला नको. बऱ्याच ठिकाणी स्त्री-पुरुषांची कुंडं वेगळी असतात आणि तिथे कपड्यांशिवाय उतरायची पद्धत आहे. काही सार्वजनिक ठिकाणी पोहण्याचा पोशाख लागतो. आपल्याकडच्या बायकांना, विशेषतः सासू-सून बरोबर असताना, हे जड जातं. त्यासाठी तासाच्या हिशेबाने स्वतंत्र खोली मिळते, आत दगडी टाकं, नळ सोडला की झऱ्याचं पाणी. सासूबाई आणि मुलगी एक खोली, तुम्ही दोघं दुसरी. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा आणि दहा मिनिटांच्या वर बसू नका.

जिउफेनबद्दल सावध करते. ते सोन्याच्या खाणीचं जुनं गाव आहे, डोंगराला चिकटलेलं, आणि गाव म्हणजे बहुतेक पायऱ्याच. फोटोत दिसणारे ते लाल कंदील अरुंद, ओल्या दगडी जिन्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर बसने वरच्या थांब्यावर उतरा, बाजाराच्या सपाट गल्लीतून चाला आणि जिना फक्त उतरा, चढू नका. संध्याकाळी चार-साडेचारला पोहोचलात तर उजेडातला समुद्रही दिसतो आणि कंदील लागलेलेही. तिथे अळकुड्यांच्या गोळ्या मिळतात, गोड पाकात, थंड किंवा गरम. आपण ज्या अळकुड्यांची चिंचेतली भाजी करतो त्याच. सासूबाईंना हे सांगा, त्या नक्की चव घेतील. आणि शेंगदाण्याची चिक्कीची मोठी लादी ठेवून बसलेला विक्रेता दिसला तर थांबा. तो रंध्यासारखं अवजार फिरवून चिक्कीचा कीस काढतो, पातळ पोळीवर पसरतो, वर आइस्क्रीमचे दोन गोळे, त्यावर चक्क कोथिंबीर, आणि गुंडाळी करून देतो. कोथिंबीर नको म्हणू नका. पहिल्या घासात विचित्र वाटेल, दुसऱ्यात कळेल ती का घातली.

जेवणाची काळजी तुम्ही प्रश्नात दोनदा लिहिली आहे, म्हणून सांगते: पूर्व आशियात शाकाहारी माणसाला तैवानइतकं सोपं फार कमी ठिकाणी आहे. बौद्ध परंपरेमुळे तिथे शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आहेत आणि बऱ्याच ठिकाणी पाटीवर स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट्या बाजूला वळलेलं. आपल्या मुलीला ते शोधायला सांगा, जेवणाची जागा तीच शोधेल. पारंपरिक बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे सासूबाई उपवासाला किंवा नेमाने तो टाळत असतील तरी अडचण नाही. पाकिटांवरही सविस्तर लिहावं लागतं: पूर्ण शाकाहारी, अंडं चालणारा, दूध चालणारा, कांदा-लसूण असलेला, असे वेगळे प्रकार. अक्षरं चिनी असतात, म्हणून ते चार-पाच शब्द फोनमध्ये चित्र करून ठेवा. तोंडी सांगायचं तर “वो छ्र सू”, मी शाकाहारी खाते. एवढ्याने काम होतं.

अडचण येते ती रात्रबाजारात. भाजी दिसते तिच्यावर डुकराच्या मांसाचा रस्सा ओतलेला असतो, टोफू मांसाबरोबर एकाच पातेल्यात शिजलेला असतो. तिथे विचारल्याशिवाय घेऊ नका. रोजच्या दुपारसाठी शाकाहारी बुफे शोधा. ताट घ्यायचं, हवं ते वाढून घ्यायचं, शेवटी वजन होतं आणि वजनाप्रमाणे पैसे. तिथे वीस-तीस भाज्या असतात, तेल-मसाला कमी. मुलांना दोन दिवसांनी आपलं काहीतरी हवं होतं, तेव्हासाठी मेतकूट, लसणाशिवायची चटणी आणि खाकऱ्याचं पाकीट सोबत असू द्या. भात सगळीकडे मिळतो. मेट्रोत मात्र काहीही खाऊ-पिऊ नका, अगदी पाणीसुद्धा. स्टेशनच्या आत पिवळी रेघ ओलांडली की बंदी सुरू होते आणि दंड होतो.

आता वादळाचं. दिवाळीपर्यंत वादळांचा मोसम ओसरलेला असतो हे खरं. मुख्य महिने जुलै ते सप्टेंबर. पण ओसरला म्हणजे संपला नव्हे. 2024 मध्ये 31 ऑक्टोबरला, आपल्याकडे नरक चतुर्दशी होती त्या दिवशी, कॉंग-रे वादळ तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर धडकलं आणि बेटभर सुट्टी जाहीर झाली. माझं एक कुटुंब तेव्हा तैपेईत होतं. त्यांनी पहाटे हॉटेलच्या खोलीत उटणं लावून आंघोळी केल्या, घरून नेलेल्या चकल्या खाल्ल्या आणि दिवसभर काचेतून पाऊस पाहिला. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेल्या फांद्या उचलून झाल्या होत्या. त्यांचा एक दिवस गेला, सहल गेली नाही, कारण त्या दिवशी त्यांना दुसऱ्या गावी पोहोचायचं नव्हतं. पूर्वेकडच्या रेल्वेत किंवा डोंगरातल्या हॉटेलात असते तर काय झालं असतं, याची मला आजही धास्ती वाटते. वादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते. ती आली तर डोंगर रद्द करा, वाद घालू नका. वादळ गेल्यावरही दरडींचा धोका एक-दोन दिवस राहतो.

तिकिटांचं फार नाही. मुंबईहून जाताना हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलावं लागतं, त्यामुळे पहिल्या दिवशी कोणीही ताजंतवानं नसतं. पहिल्या दिवशी विमानतळावरून मेट्रोने शहरात या, भाडं 150 तैवानी डॉलर. एका तैवानी डॉलरचे साधारण अडीच ते तीन रुपये धरा. खोलीत झोपा, संध्याकाळी फक्त जवळचा रात्रबाजार. विमानतळावरच प्रत्येकाला ईझीकार्ड घेऊन त्यात पैसे भरा. मेट्रो, बस, दुकानं सगळीकडे चालतं. हाय स्पीड रेल्वेचं तैपेई ते ताइचुंग साधं तिकीट 700 तैवानी डॉलर आहे, आणि ते आधी काढायची गरज नाही, निदान सुट्टीचे दिवस सोडून. तैपेईत नोव्हेंबरला हवा सुखद असते, पण यांगमिंगशानवर वारा असतो. सगळ्यांना टोपीवालं पावसाळी जॅकेट हवं. छत्री तिथे उलटी होते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी लिहितेय, कारण तुम्ही ती विचारली नव्हती. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांकडे 2019 चा अमेरिकेचा व्हिसा आहे, म्हणून तैवानला व्हिसा लागत नाही. हे फक्त मिस्टरांपुरतं आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, शेंगेन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान किंवा दक्षिण कोरियाचा चालू, किंवा संपून दहा वर्षं न झालेला व्हिसा असेल, तर ऑनलाइन प्रवास परवाना फुकट मिळतो आणि त्यावर चौदा दिवसांपर्यंत राहता येतं. पण हा परवाना माणसागणिक आहे. तुम्ही, मुलगी आणि सासूबाई यांच्यापैकी ज्यांच्या पासपोर्टवर असा व्हिसा कधीच नव्हता, त्यांना रीतसर व्हिसा काढावा लागेल. त्यासाठी पूर्वी दिल्ली किंवा चेन्नई गाठावं लागायचं. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईत तैपेईचं आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र सुरू झालंय. नाशिकहून ते एका दिवसाचं काम आहे, पण दिवाळीच्या आधी गर्दी असते. निदान दोन महिने हातात ठेवा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरली आहे ना, ते चौघांचंही आजच बघा. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने विमानाची तिकिटं आधी काढली आणि आजींचा व्हिसा नंतर बघायला घेतला. तो वेळेत आला नाही. आजी घरी राहिल्या, आणि परत आल्यावर त्या फोटोंकडे कोणी नीट बघूही शकलं नाही. म्हणून क्रम हा ठेवा: व्हिसा, मग विमान, मग रद्द करता येईल असं तैपेईतलं एक हॉटेल.

सासूबाईंना जिने कितपत झेपतात आणि बसमध्ये त्रास होतो का, एवढं कळवा. त्यावरून सन मून लेक ठेवायचा की त्या दिवशी माओकोंगला केबल कारने जाऊन चहाच्या मळ्यात दुपार घालवायची, ते सांगते. केबल कार जोराच्या वाऱ्यात आणि विजा कडाडत असताना बंद ठेवतात, आणि सोमवारीही ती चालू आहे का ते आधी बघावं लागतं. तिथे चहा दुधाशिवाय मिळतो, लहानशा मातीच्या किटलीत, आणि त्याच चहापत्तीवर चार-पाच वेळा पाणी घालून पितात. सासूबाईंना त्यांचा दुधाचा चहा लागत असेल तर सकाळसाठी चहाची पूड आणि साखर बरोबर घ्या. दूध कोपऱ्यावरच्या दुकानात चोवीस तास मिळतं, आणि पाणी गरम करायची किटली हॉटेलच्या खोलीत असतेच.